चौथ्या पेपरावरची सही

४ मार्च, मंगळवार

चौथा पेपर काढून टाकायचा म्हणे! सांगितलं कुणी, तर ऑफिसातल्या खंडूभाऊंनी, मस्टरवर सही करताना, हळूच. "मॅडम, तुमच्या विषयाचं वर काहीतरी चाललंय." वर म्हणजे दुसरा मजला. दुसरा मजला म्हणजे संस्थापक सोपानराव.

चौथा पेपर – 'क्रीडा अर्थशास्त्र आणि वित्त'. क्रीडा व्यवस्थापनाच्या पदवीत पोरांना सगळ्यात नकोसा विषय, आणि मला शिकवता येतो तो एवढाच. पहिला पेपर स्पर्धा भरवण्याचा, दुसरा मैदान राखण्याचा, तिसरा जाहिरातीचा. चौथ्यात विचारायचं की हे सगळं चालतं कशावर आणि शेवटी मिळतं कुणाला. लग्नघरात मांडव, वाजंत्री, जेवणावळ सगळ्यांना हवी असते. फक्त खर्चाचं विचारणारा काका कुणाला नको असतो. आमच्या कॉलेजात तो काका मी.

खरं लिहायचं तर ऐकून आधी हायसं वाटलं. पेपर गेला की माझी गरज संपली. गरज संपली की सोडतील. मग कपाटातली माझी सर्टिफिकेटं बाहेर येतील आणि मी नाशिकला जाईन. मग स्वतःचीच लाज वाटली. थोडीच.

७ मार्च, शुक्रवार

नाशिकच्या बसमध्ये लिहितेय. चाकणच्या चौकात. बस हलतच नाही, त्यामुळे अक्षर चांगलं येतंय.

पुढे नव्या गाड्या लादलेला ट्रेलर, बाजूला कांद्याचा ट्रक, मागे कंपन्यांच्या बसेस. सगळ्या बसेसमध्ये माणसं झोपलेली. दर शुक्रवारी इथे अडकायचं, दर रविवारी परत येताना इथेच अडकायचं. निरंजनच्या कंपनीने त्याची नाशिकला बदली केली त्याला वर्ष होऊन गेलं. सासूबाई तिथेच, म्हणून चिऊलाही तिकडच्या शाळेत घातलं. मी दोन महिन्यांत मागोमाग जाणार होते.

तेव्हाच राजीनामा दिला. सोपानरावांनी तो स्वीकारलाही, हसून. "द्या की राजीनामा. कार्यमुक्तीचं पत्र पण देतो. कागदं मात्र सत्र संपल्यावर." सत्र संपलं. मग पुढचं सत्र. कागदं म्हणजे माझी दहावीपासून डॉक्टरेटपर्यंतची मूळ सर्टिफिकेटं. नवी सून अंगावरचे दागिने काढून सासूच्या हवाली करते, तसे आम्ही मास्तर लोक नोकरीला लागताना ती ऑफिसात जमा करतो. इकडच्या खासगी कॉलेजांत हीच रीत आहे. पावती मागायची नसते. मागितली तर "विश्वास न्हाई का?" असं विचारतात.

आणि मूळ कागदांशिवाय दुसरीकडे उभं कोण करणार?

८ मार्च

चिऊला शाळेत बाईंनी विचारलं, घरी कोण कोण असतं. ती म्हणाली, बाबा आणि आजी. आणि आई? "आई शनिवारी येते."

सासूबाईंनी हे हसत सांगितलं. मीही हसले. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

१० मार्च, सोमवार

सोपानरावांनी वर बोलावलं. चहा, बिस्किटं. माणूस तसा वाईट नाही, हीच अडचण आहे. वाईट असता तर भांडता आलं असतं.

"विजयश्री मॅडम, आमची पोरं रांगडी. त्यांना मैदान द्या, शिट्टी द्या. आकडं कशाला घालता डोक्यात?"

मी म्हटलं, "साहेब, शिट्टी वाजवायला तीन वर्षांची पदवी लागत नाही."

खळखळून हसले. मग खरं कारण बाहेर आलं. जानेवारीत पोरांनी आपापले प्रकल्प पाहुण्यांसमोर मांडले होते. पाहुणे म्हणजे चाकणच्या कंपन्यांची माणसं, सोपानराव भरवतात त्या मुलींच्या कबड्डी लीगला मदत करणारी. आणि तनुजाने प्रकल्पाला नेमकी तीच लीग घेतली होती! तिसऱ्या वर्षाची पोरगी, स्वतः त्याच लीगमध्ये चढाई करते. उभी राहिली आणि म्हणाली, "यात मांडवाला पैसे हायेत, निवेदकाला हायेत, पाहुण्यांच्या फेट्याला पण हायेत. खेळणाऱ्या पोरींना कुठं हायेत?" एका पाहुण्याने ते वहीत टिपून घेतलं.

"पाव्हण्यांपुढं शोभा झाली आमची," सोपानराव म्हणाले. "ते पोरगं न्हाई बोललं मॅडम. तुमचा पेपर बोलला."

इतकं मोठं कौतुक मला आजवर कुणी केलेलं नाही. त्यांना ते कळलं नाही.

विषय रद्द करायचा तर अभ्यास मंडळाला तो शिकवणाऱ्याची लेखी शिफारस लागते. "तेवढं दोन ओळी लिहून द्या." मी नाही म्हणायला तोंड उघडलं. लोखंडी कपाट त्यांच्या खुर्चीमागेच होतं. "विचार करते," म्हणाले आणि जिना उतरले.

१२ मार्च

आजचा तास. धडा – खेळाडूची नोंदणी आणि त्याचा भाव.

सुरुवात नेहमीप्रमाणे गणराजच्या बैलांपासून. गणराजच्या घरी शर्यतीचे बैल आहेत आणि तो वर्गात असतो तेव्हाही मनाने गोठ्यात असतो. मी विचारलं, शर्यतीच्या घाटात जिंकलेल्या बक्षिसात बैलाची पेंडसुद्धा भागत नाही, मग पाळता का? तो म्हणाला, "मॅडम, आमच्या चुलत्याला कुणी पोरगी देत नव्हतं. बैल पहिला आला, महिन्यात सुपारी फुटली." वर्ग हसला. मी फळ्यावर लिहिलं – पैशात न मोजता येणारा लाभ. परीक्षेत हे उदाहरण कुणी विसरणार नाही.

मग नोंदणी. खेळाडू ज्या संघाकडे नोंदलेला असतो, त्या संघाच्या ना-हरकतीशिवाय त्याला दुसरीकडे खेळता येत नाही. म्हणून त्याचा भाव तो स्वतः ठरवू शकत नाही. धरून ठेवणारा ठरवतो. तो कितीही चांगला खेळो, बाजारात जाताच येत नाही, तर किंमत कळणार कशी?

तनुजाने हात वर केला. मग खाली घेतला. मग तसंच बोलली.

"मॅडम, म्हंजे माझं झालंय ते हेच."

चाकणच्या एका कंपनीचा मुलींचा संघ आहे. त्यांनी तिला घ्यायचं ठरवलंय, संघात खेळायचं आणि सोबत कायमची नोकरी. दिवाळीपासून ती आपल्या संघाची ना-हरकत मागतेय. तो संघ सोपानरावांचा. उद्या या, परवा या, लीग होऊ दे.

"मला वाटायचं माझ्यातच काय तरी खोट हाय, म्हणून अडलंय. आई पण म्हणायची, तूच नीट बोलली नसशील. हा धडा वाचला तवा कळलं. ही तर पद्धतच हाय. माझी एकटीची गोष्ट न्हाई ही."

हा पेपर कशाला हवा असं मला कुणी विचारलं तर मी याहून चांगलं काही सांगू शकणार नाही.

तेवढ्यात गणराज म्हणाला, "मॅडम, मास्तरांचं पण असतंय का असं?" पुन्हा सगळे हसले. मी फळा पुसायला घेतला. पुसलेलाच फळा परत पुसला.

१९ मार्च

उत्तरपत्रिका. गणराजने नफा-तोटा उलटा मांडलाय. बाकी काही नाही.

३० मार्च, पाडवा

गुढी नाशिकला. निरंजनने भांडण पाडव्यालाच काढलं, म्हणजे वर्षभर पुरेल.

"सही कर आणि मोकळी हो. तुझ्या एका पेपराने कबड्डी सुधारणार आहे का?"

"नाही सुधारणार."

"मग?"

मी श्रीखंड वाढलं. तो चुकीचं बोलत नव्हता, म्हणून जास्त राग आला. इथल्या एका कॉलेजची जाहिरात त्याने कापून ठेवली होती. अर्थशास्त्र, कायमची जागा. अर्ज भरला.

१२ एप्रिल, शनिवार

नाशिकला गेले नाही. गणराजने गावच्या यात्रेला आग्रहाने बोलावलं होतं. चिऊला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "बरं." रडली असती तर बरं वाटलं असतं.

घाटाच्या दोन्ही बाजूंना माणूसच माणूस. निवेदकाचा घसा बसलेला तरी थांबत नव्हता. गणराजचे बैल मधेच फाकले आणि कडेने गेले. तो उन्हात उभा राहून बैलांचीच समजूत काढत होता.

व्यासपीठावरून सोपानरावांनी मला पाहिलं आणि बाजूला बसवून घेतलं. फेटा, गुलाल, अंगात उत्साह. समोरच्या कंपन्यांच्या शेडकडे हात करून म्हणाले, "ते निळं पत्रं दिसतंय ना, तितं आमची विहीर होती. जमीन गेली, पैसा आला. भावांनी गाड्या घेतल्या, दोन वर्सांत सगळं फुस्स. आमच्यात कुणाला आकडं कळत न्हवतं मॅडम. कळलं असतं तर आज भावांवर हे दिवस न्हवतं."

मी म्हटलं, "मग साहेब, पोरांचा आकड्यांचाच पेपर का काढताय?"

जराही विचार न करता म्हणाले, "आता आकडं माझ्याकडं हायेत ना."

आणि माझ्या हातात पेढा ठेवला. मी तो खाल्ला.

२५ एप्रिल, शुक्रवार

निवड झाली! एप्रिलच्या सुरुवातीला मुलाखत होऊन गेली होती, ती विसरल्यासारखीच झाली होती आणि आज पत्र आलं. नाशिक. कायमची जागा. सोळा जूनला 'मूळ प्रमाणपत्रांसह' रुजू व्हावे.

पहिल्या दोन ओळी वाचून नाचावंसं वाटलं. शेवटच्या ओळीपाशी थांबले. कार्यमुक्तीचं पत्र महिन्यापासून माझ्या पर्समध्ये आहे. घरातलं सामान बांधून ठेवलंय. अडलंय ते फक्त कपाटापाशी.

निरंजनचा फोन. नुसता "आता?" म्हणाला.

२८ एप्रिल

वर गेले. पत्राचं त्यांना आधीच कळलेलं. इथल्या भिंतींना नुसते कान नाहीत, मोबाइलही आहेत.

"शिफारस द्या, कागदं घ्या," सोपानराव म्हणाले. "त्याच टायमाला. आमी शब्दाचे पक्के."

मी म्हटलं, तनुजाची ना-हरकतही द्या. एवढं धाडस माझ्यात कुठून आलं कळलं नाही.

ते हसले. रागावले असते तर मी कदाचित पुढे बोलले असते. "एका सहीत दोन कामं? मॅडम, तुमीच शिकवता ना, फुकट कायबी नसतं."

"आणि एकच काम करायचं तर तिचं कराल?"

"करीन की. मला काय, सही मिळाल्याशी मतलब. तुमची कागदं ऱ्हाऊ द्या मग, तिची ना-हरकत घेऊन जा. सांगा, कुणाचं करू?"

मी हा प्रश्न विचारायलाच नको होता. आता म्हणता येणार नाही की माझ्यापुढे दुसरा रस्ता नव्हता.

२ मे

तनुजा घरी आली होती. आईने दिलेली कांद्याची पात घेऊन. आणि एक अर्ज – 'चौथा पेपर काढू नये'. खाली पोरांच्या सह्या. अर्ध्या सह्या या पेपरात नापास झालेल्यांच्या! गणराजने तर सहीशेजारी लिहिलंय, 'विषय अवघड आहे, पण पाहिजे.'

"मॅडम, हा मंडळाकडं द्या आन् तुमी फक्त शिफारस देऊ नका. बाकी आमी बघतो."

तिला मी नोकरीचं सांगितलं नाही. कपाटाचंही नाही. ना-हरकतीचं तर नाहीच. ती गेल्यावर पात निवडत बसले. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात. पण आडात मी पडायचं आणि विहिरीत ती, असं म्हणीत नसतं.

५ मे

काही सुचत नाही.

चिऊने वहीत घर काढलं. निरंजनने फोटो पाठवला. घरात तीन माणसं आणि घराबाहेर बस. बसच्या खिडकीत मी. खिडकीला गज काढलेत, बसला असतात तसेच.

९ मे, शुक्रवार

दिली.

'विद्यार्थ्यांची आवड व रोजगाराच्या संधी लक्षात घेता सदर विषय वगळण्यास माझी हरकत नाही, किंबहुना मी तशी शिफारस करते.' किंबहुना हा शब्द मी स्वतःहून घातला. का घातला? वाक्य चांगलं व्हावं म्हणून. सवय!

सोपानरावांनी वाचलं, घडी केली, खंडूभाऊंना किल्ली दिली. कपाट उघडलं. आत डांबरगोळ्यांचा वास. किती फायली! रबर लावलेल्या, वर नावं. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्यांच्या, मागच्या वर्षी राजीनामा देऊन अजून येत असलेल्यांच्या. खंडूभाऊंनी माझी शोधून काढली आणि धूळ झटकून दिली.

सोपानरावांनी दारापर्यंत सोडलं. "सासरी सुखानं नांदा," म्हणाले. मनापासून म्हणाले.

बसमध्ये फायल मांडीवर घट्ट धरून बसले. चाकणला नेहमीसारखीच अडकले. आनंद होईल असं वाटलं होतं. भूक मात्र लागली, दोन वडापाव खाल्ले.

१४ मे

तनुजा फाटकात भेटली. तिला सगळं समजलंय. नोकरी, सही, सगळं. तिची ना-हरकत मिळू शकली असती, हेही. सोपानरावांनीच सांगितलं तिला, गंमत म्हणून.

मी काही बोलायच्या आत तिने विचारलं, "मॅडम, कागदं मिळाली का सगळी? बघून घेतली ना नीट?"

टोमणा असेल म्हणून मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं.

"मिळाली."

"बरं झालं. तुमची पोरगी लहान हाय." मग बुटाची नाडी बांधायला वाकली. वाकूनच म्हणाली, "कंपनीवाल्यांनी दुसरी पोरगी घेतली. आमी यंदा पण लीगच खेळतो."

मी सॉरी म्हणाले. इंग्रजीत. मराठीत माफी मागायला तोंड नव्हतं.

२२ मे

अभ्यास मंडळाची सभा झाली. पेपर गेला. त्याजागी 'स्वागत व सूत्रसंचालन'. खंडूभाऊंचा मेसेज. खाली हात जोडल्याचं चित्र.

पोरांचा अर्ज अजून माझ्या पर्समध्येच आहे. मी तो कुठे दिलाच नाही.

७ जून

सामान गेलं. चिंचवडची माझी भाड्याची खोली रिकामी. घरमालकीणबाई म्हणाल्या, "सुटलात बाई एकदाच्या."

निरंजनला आनंद झालाय. चिऊ विचारते, आता शनिवारी कोण येणार? मी म्हटलं, मी रोजच असणार. तिने थोडा विचार केला आणि आपल्या खेळण्यांचा एक कप्पा मला रिकामा करून दिला. कपड्यांसाठी. तिच्याजवळ बसून राहिले. यासाठीच केलं हे सगळं. दुसऱ्या कशासाठी नाही. मला हेच करायचं होतं आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. कागदांशिवाय मला कुणी दारात उभं केलं नसतं.

१६ जून, सोमवार

रुजू झाले. हेडक्लार्क वयस्कर, मऊ बोलणारे. मी फायल टेबलावर ठेवली. त्यांनी ती न उघडताच माझ्याकडे परत सरकवली. "मूळ प्रती आम्ही बघत नाही मॅडम. विद्यापीठाच्या ऑनलाइन नोंदीवरून तुमची पडताळणी एप्रिलमध्येच झालीय, पत्र पाठवायच्या आधी. ती ओळ जुन्या नमुन्यातली आहे, काढायची राहून गेलीय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "काही त्रास झाला का? एक फोन करून विचारायचं होतं."